निरोप पुढे पाठविण्यापूर्वी

वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर सेवाग्राम हे गाव आहे. या गावाचे जुने नाव सेगाव. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे आले आणि पुढे येथेच राहू लागले. देशभरातून त्यांना पत्रे येत. परंतु बुलढाणा जिल्ह्यात शेगाव नावाचे मोठे गाव आहे. नावे सारखी वाटत असल्यामुळे सेगावची पत्रे शेगावला जात. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० साली सेगावचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. पत्र योग्य माणसाच्या हाती पडावे म्हणून एका गावाचे नाव बदलले!

पत्र पोहोचायला काही दिवस लागत. पण पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव असे, वर तारीख असे. मजकूर कोणाचा, हे वाचणाऱ्याला ठाऊक असे.

पुढे संगणकाचे युग आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतातील सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी ई-मेलने पत्रे पाठविता येत. बाकीचे इंटरनेट मात्र शाळेतील सूचनाफलकासारखे होते. फलकावर लिहिणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ.

हळूहळू खडू वाचकांच्याही हाती आला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यात कोणीही माहिती लिहू शकतो आणि दुसऱ्याची चूक दुरुस्तही करू शकतो. २००४ साली ऑर्कुट आणि फेसबुक आले. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. २००९ साली व्हॉट्सॲप आले. आता प्रत्येक जण वाचक आहे आणि लेखकही आहे.

याचे फायदे पुष्कळ आहेत. हिंगणघाटचा शेतकरी घरबसल्या कापसाचा भाव विचारतो. आखाती देशात नोकरी करणारा मुलगा रोज आईचा चेहरा पाहतो. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक मुलांना मोबाइलवरच धडे मिळाले.

पण याच सोयीत एक धोका लपलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण तेथे आले होते. केवळ संशयावरून जमावाने त्या पाचही निरपराध माणसांना मारहाण करून ठार केले. ती अफवा पुढे पाठविणाऱ्यांपैकी कित्येकांनी राईनपाडा कधी पाहिलेही नसेल.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने दुसरीकडून आलेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली. भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादाही जाहीर केली. तरीही हिशेब करून पाहा. तुम्ही एक निरोप ५ जणांना पाठविला. त्यांपैकी प्रत्येकाने तो आणखी ५ जणांना पाठविला, तर २५ झाले. मग १२५, मग ६२५. पाचव्या फेरीत तो ३,१२५ लोकांच्या हाती पडतो!

वर्तमानपत्रात बातमी छापण्यापूर्वी संपादक ती तपासतो. मोबाइलवर मध्ये कोणी संपादक नसतो. ते काम आपल्यालाच करावे लागते. म्हणून निरोप पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःला विचारावे : हा मजकूर मुळात कोणी लिहिला? त्यात तारीख व ठिकाण आहे काय? वर्तमानपत्राने किंवा पोलिसांनी त्याला दुजोरा दिला आहे काय? यामुळे कोणाच्या जिवाला धोका तर नाही ना?

ओळखीच्या माणसाने पाठविला, एवढ्यावरून निरोप खरा ठरत नाही. मोठ्यांनाही नम्रपणे विचारता येते, "चाचाजान, ही खबर आपल्याला कोठून मिळाली?" उत्तर मिळाले नाही, तर तो निरोप आपल्याजवळच थांबवावा. त्यासाठी फक्त बोट आवरावे लागते.

शब्दार्थ
निरोप – पैगाम. निरपराध – बेकसूर. मर्यादा – हद्द. दुजोरा देणे – खरे आहे असे सांगणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सेगावचे नाव का बदलण्यात आले?
(आ) भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा कधी सुरू झाली?
२. 'खडू वाचकांच्याही हाती आला' म्हणजे काय झाले? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. खबर, अफवा, तारीख, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी दोन शब्द पाठातून शोधा.
४. उपक्रम : घरी आलेला एखादा निरोप मोठ्यांच्या मदतीने तपासा आणि काय आढळले ते वर्गात सांगा.