भांडवल देणारा आधी काय पाहतो?

धंद्याला पैसा कमी पडला की आपला व्यापारी किंवा कारागीर बहुधा दोनच दारे ठोठावतो : एक बँकेचे, दुसरे सावकाराचे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो, तारण काय देणार? ज्याच्याकडे घर, जमीन वा दागिने नाहीत, तो हातात हुन्नर असूनही रिकामा परततो. तारण व व्याज यांच्याऐवजी धंद्यातला हिस्सा घेऊन पैसा देणारे तिसरेही एक दार जगात आहे. त्याला व्हेंचर कॅपिटल, म्हणजेच जोखमीचे भांडवल म्हणतात. या व्यवसायात हयात घालवून उतारवयात त्यावर पुस्तक लिहिणारे अमेरिकेचे विल्यम ड्रेपर यांची कारकीर्द आज आम्ही अभ्यासासाठी घेत आहोत.

ड्रेपर यांचा जन्म १९२८ सालचा. वडील सेनाधिकारी व मोठे वित्तव्यावसायिक होते. तेव्हा ते गरिबीतून वर आले असे कोणी समजू नये. येल विद्यापीठाची पदवी, कोरियाच्या युद्धात सेवा, हार्वर्डमध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण आणि मग इनलँड स्टील या पोलाद कंपनीत नोकरी, असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास आहे. १९५९ मध्ये ते कॅलिफोर्नियात वडिलांच्या नव्या गुंतवणूक पेढीत दाखल झाले. १९६२ मध्ये मात्र त्यांनी पोलाद कंपनीतले जुने मित्र पिच जॉन्सन यांच्यासह स्वतःची पेढी काढली. दोघांनी मिळून दीड लाख डॉलर उभे केले आणि १९५८ च्या लघुउद्योग गुंतवणूक कायद्याखाली सरकारकडून त्याच्या दुप्पट कर्ज घेतले.

आज ज्या भागाला सिलिकॉन व्हॅली म्हणतात, तेथे त्या काळी जर्दाळू आणि आलुबुखाऱ्याच्या बागा होत्या. हे दोघे मोटार घेऊन हिंडत. एखाद्या कारखान्याच्या पाटीवर विजेच्या उपकरणांशी संबंधित नाव दिसले की आत शिरून मालकाची भेट मागत. व्हेंचर कॅपिटल हा शब्दच तेव्हा फारसा कोणी ऐकलेला नव्हता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : पैसेवाला स्वतः कारागिराच्या दारी जात होता, कारण व्याजाची हमी नसलेल्या माणसाला चांगला धंदा शोधण्याची गरज कारागिराइतकीच असते.

१९६५ पासून ड्रेपर यांनी सटर हिल या पेढीतून हाच व्यवसाय वाढवला. १९८१ मध्ये ते सरकारी निर्यात-आयात बँकेचे प्रमुख झाले. १९८६ ते १९९३ या काळात संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम त्यांच्या हाती होता. तेथे त्यांनी पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री महबूब उल हक यांना सोबत घेतले. हक यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल निघाला. देशाची प्रगती केवळ उत्पन्नावर न मोजता लोकांचे आयुर्मान आणि शिक्षणही त्यात धरावे, हा विचार त्या अहवालाने जगभर नेला.

यानंतर ड्रेपर पुन्हा आपल्या जुन्या व्यवसायाकडे वळले, तेही हिंदुस्थानच्या वाटेने. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी येथे गुंतवणूक करणारा निधी सुरू केला. असे करणाऱ्या पहिल्या परदेशी पेढ्यांत त्याची गणना होते. मुंबईच्या रेडिफ या इंटरनेट कंपनीत त्यांचा पैसा होता. जून २००० मध्ये त्या कंपनीचे भाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात आले. २०११ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, ड्रेपर यांचे ‘द स्टार्टअप गेम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. भांडवलदार आणि उद्योजक यांच्यातील नात्याला त्याच्या उपशीर्षकातच भागीदारी म्हटले आहे.

आता या कारकिर्दीतून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट. ही भागीदारी ऐकताच आपल्याला मुदारबत आठवते : एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात. पैशाचे नुकसान पैसेवाल्याचे आणि मेहनत वाया गेली ती मेहनत करणाऱ्याची. दोन्हींचा गाभा जुळतो. पण दोन्ही एक नव्हेत. व्हेंचर कॅपिटलच्या करारांत अनेकदा गुंतवणूकदाराला आपली रक्कम आधी परत घेण्याचा हक्क राखलेला असतो. म्हणून कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

दुसरी गोष्ट, गणिताची. समजा, अशा पेढीने दहा धंद्यांत पैसा घातला. त्यातले काही बुडतात, काही जेमतेम मुद्दल परत करतात आणि एखाद-दोन इतके वाढतात की सगळ्यांची भरपाई करतात. म्हणून ही पेढी फक्त कित्येक पटींनी वाढू शकणारा धंदा शोधते. दरमहा ठरावीक कमाई देणारी बेकरी किंवा चपलांचा कारखाना हा उत्तम धंदा आहे, पण तो तिच्या हिशेबात बसत नाही. तिच्या नकाराने आपला धंदा वाईट ठरत नाही. अशा धंद्याने ओळखीच्या, खात्रीच्या भागीदाराकडे जावे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. हिस्सा दिला की शब्दही द्यावा लागतो. भागीदार संचालक मंडळावर बसतो, हिशेब मागतो आणि काही वर्षांनी आपला हिस्सा विकून बाहेर पडतो. ज्याला दुकान मुलांच्या हाती द्यायचे आहे, त्याने हे आधीच तोलून पाहावे.

आपल्याकडे भागीचे धंदे मोडतात तेव्हा बहुतेक वेळा बेइमानीपेक्षा न लिहिलेल्या गोष्टी कारण असतात. विश्वासाच्या भरात कागद होत नाही. मग सख्खे भाऊही, गल्ल्यातून घरखर्चाला गेलेला पैसा कोणाच्या नावे धरायचा यावर एकमेकांशी बोलेनासे होतात. कोणाचे भांडवल किती, नफ्याचे प्रमाण काय, तोटा कोण सोसणार, एकाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरेल, या चार गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

आणि त्याही आधी आपली वही नीट करावी. घरखर्च वेगळा, धंद्याचा खर्च वेगळा, येणे-देणे तारीखवार, अशी निदान तीन वर्षांची वही तयार असावी. तारण न मागणारा माणूस तारणाच्या जागी हीच वही मागतो. ती नसेल तर धंद्याची किंमत ठरत नाही, आणि किंमत ठरल्याशिवाय कोणाचा हिस्सा किती हेही ठरू शकत नाही.