अवहित्था : पोटात ठेवण्याला एक शब्द

दंभ हा शब्द आपल्या रोजच्या ऐकण्यातला. गीतेच्या १६ व्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी त्याच्यापासूनच सुरू होते. नसलेले दाखवणे म्हणजे दंभ. पण असलेले झाकणे, त्याला काय म्हणावे? आपण 'पोटात ठेवलं' म्हणून मोकळे होतो. संस्कृतात त्याला शब्द आहे : अवहित्था. अमरकोशात अर्थ दिलाय 'आकारगुप्ति'. इथे आकार म्हणजे चेहऱ्यावर, अंगावर उमटणारी भावाची खूण.

नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी भावांत अवहित्था येते. (व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भलता अर्थ घेऊ नये.) लाज, भय, पराभव, गौरव, कपट ही तिची कारणे. म्हणजे पाचांत कपट एकच! खुणा अशा : दुसराच विषय काढणे, खाली पाहणे, बोलता बोलता अडखळणे. कुमारसंभवाच्या ६ व्या सर्गात शंकरासाठी मागणी घालायला ऋषी येतात, तेव्हा बापाशेजारची पार्वती मान खाली घालून कमळाच्या पाकळ्या मोजते. आनंद झाकायचा तो असा.

मार्कंडेय पुराणात मुनिकुमारांनी पाठ सोडावी म्हणून दत्तप्रभू स्त्री व मद्य जवळ घेऊन प्रकटले. तिथे मात्र हा शब्द लावू नये असे मला वाटते. तिथे भाव नव्हे, स्वरूपच झाकलेले आहे.

मला हा शब्द कळला तो घरातच. काही वर्षांमागे जयंतीआधी मी गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो होतो. हिची तपासणी झालेली. पहिल्याच दिवशी विचारलं, "रिपोर्ट आला का गं?" ही फुलवाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "यंदा कापूस फार महाग झालाय." तिसऱ्या दिवशी चष्म्याचं घर शोधताना कपाटात लिफाफा सापडला. गाठ साधी नव्हती. लिफाफा होता तसा ठेवला आणि पोथीपुढे जाऊन बसलो. त्या दिवशी ओळी दोनदा वाचाव्या लागल्या.

सातव्या दिवशी आरती, नैवेद्य झाला. तिने कागद माझ्यापुढे ठेवला.

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"मलाही माहीत होतं, तुम्हाला कळलंय ते. तिसऱ्या दिवसापासून चहा गार झाल्याची तक्रार केली नाहीत, अहो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी. नं आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे निघालो.