सीमेपलीकडचे गिऱ्हाईक

मिरजेहून म्हैसाळमार्गे निघालेला माणूस थोड्याच वेळात कागवाडला पोहोचतो. मध्ये डोंगर नाही की घाट नाही. ऊस तोच, काळी माती तीच, फक्त दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे बदलतात. एरवी या रेषेची कोणाला आठवणही होत नाही. पण दोन राज्यांत कोठे ठिणगी पडली की याच रेषेची भिंत होते. एस. टी. थांबते, ट्रकवाले माल भरायला तयार होत नाहीत आणि बाजारच्या दिवशी दुकानदार रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसतो.

सीमाप्रश्नाचा निकाल कोणाच्या बाजूने लागावा, हे सांगण्याचे हे पान नव्हे. आमच्यापुढे प्रश्न साधा आहे. सांगली-साताऱ्याकडच्या ज्या छोट्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक सीमेपलीकडे आहे, त्याने ते कसे सांभाळावे? ताण येण्यापूर्वी काय करून ठेवावे आणि ताण आल्यावर काय टाळावे?

वादाची तोंडओळख

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवारचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा इकडे राहिला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

रेषेच्या अलीकडेही सगळे मराठीच बोलतात असे नाही. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कानडी बोलणारी अनेक गावे आहेत. तेथील काही ग्रामपंचायतींनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचा ठराव केला. त्यामागे भाषेपेक्षा पाण्याचे दुखणे मोठे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी याच ठरावांचा आधार घेऊन जतच्या चाळीस गावांचा विषय काढला आणि वाद पेटला. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले. पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी हक्क सांगू नये असे ठरले. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच झाले. बेळगाव जिल्ह्यात भाषेवरून कर्नाटकच्या एका बस कंडक्टरला मारहाण झाली, चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एस. टी. चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले आणि गाड्या बंद पडल्या.

यातून व्यापाऱ्याने एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. अशी वेळ पुन्हा येणार हे गृहीत धरूनच धंद्याची आखणी केली पाहिजे.

दोन फेऱ्यांचा हिशेब

बंदचे नुकसान मोठ्या पेढीला सोसते, लहान माणसाला सोसत नाही. समजा, एका व्यापाऱ्याचे भांडवल तीन लाख रुपये आहे. तो आठवड्याला एकदा माल नेतो आणि विकून परत येतो, म्हणजे महिन्यात चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत दोन टक्के सुटतात, म्हणजे सहा हजार रुपये. महिन्याचे झाले चोवीस हजार. त्यातून गाळ्याचे भाडे, वीज आणि पोऱ्याचा पगार मिळून दहा हजार वजा केले तर घरी चौदा हजार येतात. आता तणावामुळे दोन फेऱ्या बुडाल्या. मिळकत बारा हजारांवर आली, खर्च मात्र दहाच हजार राहिला. घरी आले दोन हजार. फेऱ्या निम्म्या झाल्या, पण घरात येणारा पैसा सातव्या हिश्शावर आला. ज्याने काळे फासले त्याच्या चुलीला याची झळ लागत नाही.

हा शेजार जुना आहे

संस्थानी काळात सांगलीच्या पटवर्धनांच्या राज्यात बेळगावला चिकटलेले शहापूर होते, तेरदाळ होते आणि शिरहट्टीही होते. सांगलीचा व्यापारी शहापूरच्या पेठेत गेला तर तो आपल्याच राज्यात असे. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली. त्याला निमित्त झाले उत्तर कानडा भागातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचे. उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतील कैराना गावचे. त्यांनी मिरजेला घर केले आणि १९३७ मध्ये मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना मूठमाती मिळाली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडकडच्या कुंदगोळचे आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. आज महाराष्ट्र ज्या गाण्याला आपले म्हणतो, ते या रेषेवरून ये-जा करीतच वाढले.

बाजाराचेही तसेच आहे. सांगलीच्या हळद सौद्यांना आणि सांगली-तासगावच्या बेदाणा सौद्यांना पलीकडचा शेतकरी माल घेऊन येतो. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून रुग्ण येतात आणि त्यांच्या सोबतीच्या माणसांवर खानावळवाले, औषधवाले, फळवाले बागवान व रिक्षावाले पोट भरतात.

गलाईवाल्यांकडून शिकण्यासारखे

परमुलखात राहून धंदा कसा करावा, हे शिकायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. विट्याचा खानापूर तालुका, आटपाडी आणि साताऱ्याकडचे माण-खटाव हा सगळा कमी पावसाचा पट्टा. येथील माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात त्यांनी देशभर नाव काढले. जुने दागिने वितळवून टंच काढणे, धातू शुद्ध करून सराफाला देणे, हे त्यांचे काम. तमिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक, कोठेही जा, सराफ कट्ट्यालगत या भागातील माणूस भेटतो.

या धंद्यात जोखीम मोठी. दुसऱ्याचे सोने हातात घ्यायचे, तेही परक्या गावात. चोरीचे सोने घेतल्याच्या संशयावरून पोलीस दारात उभे राहतील ही भीती कायमची. पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ४११ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. अशा धंद्यात तोच टिकतो जो तीन गोष्टी पाळतो. पहिली, तो तेथील भाषा शिकतो. दुसरी, कोणाकडून किती माल आला याची नोंद त्याच दिवशी करतो. तिसरी, शेजाऱ्याच्या सुखदुःखात उभा राहतो. अडचणीच्या वेळी ‘हा आमचा माणूस आहे’ असे सांगणारे चार जण गावात असले, की निम्मे संकट टळते.

हाच धडा सीमेवरच्या व्यापाऱ्याने गिरवावा. त्यासाठी आम्ही काही मुद्दे मांडतो.

१) भाषा. आपल्यातील अनेकांची समजूत असते की दखनी आणि हिंदीवर सगळीकडे भागते. पेठेत भागते, शेतकऱ्याच्या दारात भागत नाही. त्याच्या घरातील म्हाताऱ्या माणसाशी चार वाक्ये कानडीत बोलता आली पाहिजेत. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘दुड्डु’ म्हणजे पैसा, ‘नाळे’ म्हणजे उद्या. मराठीत ‘ये’ आणि ‘या’ यांत जो फरक आहे, तोच तिकडे ‘बा’ आणि ‘बर्री’ यांत आहे. उत्तर कर्नाटकात शब्दाच्या शेवटी ‘री’ आला की मान दिल्यासारखे होते. वडीलधाऱ्या गिऱ्हाईकाला ‘बा’ म्हटले तर सौदा तेथेच मोडेल. अण्णा आणि अक्का मात्र दोन्हीकडे चालतात.

२) कागद. गाव पाच किलोमीटरवर असले तरी राज्य बदलले की विक्री आंतरराज्य ठरते. करपात्र माल असा दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी करावीच लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंसारखे अपवाद थोडे आहेत. कंपोझिशन योजनेत असलेल्याला अशी विक्री करता येत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जुने विक्रीकर नाके उठले, म्हणून कागद सुटले असे समजू नये. करपात्र माल पन्नास हजार रुपयांच्या वर असेल तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. त्यावरचा गाडी क्रमांक आणि प्रत्यक्ष गाडी एकच असली पाहिजे. वाटेत गाडी बदलली तर क्रमांकही बदलून घ्यावा.

३) रस्ता बंद झाला तर. साध्या मालवाहतुकीला ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असते. सांगली-बेळगाव एवढ्या अंतराला एकच दिवस मिळतो. आंदोलनात गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्या वेळात कारण देऊन ती वाढवता येते. हे चालकाला सांगून ठेवावे. दगडफेकीनंतर दंडही बसला असे होऊ नये.

४) विमा. फक्त त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असेल तर फुटलेल्या काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक मोटार विम्यात दंगल व संपातील नुकसान धरलेले असते. पण त्यात गाडी येते, माल येत नाही. मालाचा वाहतूक विमा वेगळा घ्यावा आणि त्यात दंगल व संपाचे कलम जोडून घेतले आहे की नाही, हे पॉलिसी हातात घेऊन पाहावे.

५) पाटी. पलीकडे दुकान थाटले असेल तर तेथील नियम आनंदाने पाळावा. २०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात पाटीवरचा साठ टक्के भाग कानडी हवा. इकडे महाराष्ट्रात मराठी पाटीचा नियम आहेच. आपल्या गावात जो आग्रह आपण योग्य मानतो, तो शेजाऱ्याच्या गावात अन्याय कसा ठरेल?

६) शब्द. तणावाच्या दिवसांत पलीकडच्या अडत्याचे देणे थकवू नये. रस्ता बंद असला तरी बँकेतून पैसा जातो. ‘गाड्या बंद आहेत, माल आठवड्याने पाठवतो, हिशेब मात्र आज पुरा करतो’, एवढा निरोप ज्याने धाडला, त्याला रस्ता उघडताच पहिला माल मिळेल. ज्याने त्या दिवसांत मोबाईलवरून चिथावणीची चित्रफीत पुढे पाठवली, त्याचे नावही पलीकडे तितकेच लक्षात राहील.

मिरजेच्या बस स्थानकावर तणावाच्या दिवशी अडकलेली माणसे पाहावीत. कोणी ऑपरेशन झालेल्या आईला घेऊन बसलेला असतो, कोणी विकून उरलेल्या मालाच्या करंडीवर. तो कानडी आहे की मराठी, हे त्या वेळी विचारून काय उपयोग? त्याला चहा द्यावा, रात्र काढायला ओसरी द्यावी, घरी फोन लावून द्यावा. उद्या आपला माणूस अथणीला किंवा हुबळीला असाच अडकेल, तेव्हा त्यालाही कोणाची तरी ओसरी लागेल. सीमेचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. शेजारधर्माला मात्र कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.