लेकराचा विज्ञान प्रकल्प : धानाचं बियाणं आणि मिठाचं पाणी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू होते. मग गटाच्या बैठकीत हमखास विषय निघतो, "मॅडम, पोराला प्रकल्प न्यायचा आहे. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय समजते?" मग दुकानातून तयार मॉडेल येतं. कधी त्यासाठी अंतर्गत कर्जही उचललं जातं. मॉडेल टेबलावर छान दिसतं, पण सरांनी "हे असं का होतं?" विचारलं की लेकरू गप्प.

म्हणून या अंकात मिठाच्या पुडीएवढ्या खर्चाचा एक प्रयोग देत आहोत. आपला भंडारा धानाचा जिल्हा. पऱ्हे टाकण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि तरंगलेलं काढून टाकायचं, हे तुमच्यापैकी अनेकींनी केलं असेल. दहा लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ, हे प्रमाणही माहीत असेल. पण असं का करतात? ते शोधणं म्हणजेच प्रकल्प.

साहित्य : घरचं धानाचं बियाणं, एक लिटर पाणी, 30 ग्रॅम मीठ (किराणा दुकानात वजन करून घ्या), दोन गंज, सुती कापडाचे तुकडे, वही.

कृती :

1. एका गंजात साधं पाणी घ्या. दुसऱ्यात एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवा.
2. दोन्हीत 100-100 दाणे टाका. दाणे लेकरालाच मोजू द्या. हलवून थोडा वेळ थांबा.
3. किती तरंगले, किती बुडाले, ते मोजून लगेच वहीत लिहा.
4. मिठाच्या पाण्यातले तरंगलेले आणि बुडालेले दाणे वेगळे करा. दोन्ही साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. मीठ राहिलं तर उगवण बिघडते.
5. दोन्ही रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. मग वेगवेगळ्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवा आणि कापडाला चिठ्ठी लावा.
6. कापड वाळू देऊ नका. रोज ठरलेल्या वेळी उघडून मोड आलेले दाणे मोजा. आठवडाभर नोंद ठेवा.

असं का होतं? मीठ विरघळलं की पाणी जड होतं, म्हणजे त्याची घनता वाढते. पूर्ण पोचट दाणा साध्या पाण्यातही तरंगतो. पण अर्धवट भरलेला दाणा साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात वर येऊ शकतो. भरलेल्या दाण्यात रोपाच्या सुरुवातीच्या वाढीसाठी अन्न जास्त असतं, म्हणून त्याचं रोप जोमदार येतं. घनता दाखवायला अंड्याचा उपयोग करा. ताजं अंडं साध्या पाण्यात बुडतं. चमचा चमचा मीठ टाकत गेलात तर ते वर येतं.

आईचं काम काय? हात लावायचा कमी, विचारायचं जास्त. "तुला काय वाटते, कोणते दाणे जास्त उगवतील?" हे प्रयोगाच्या आधीच विचारा आणि उत्तर लिहायला लावा. मग निकाल त्याच्याशी ताडून पाहा. अंदाज चुकला तर वही खोडायची नाही. चुकलेला अंदाज का चुकला, हे सांगता आलं तर तेच खरं विज्ञान. दुसरी गोष्ट, एका वेळी एकच फरक ठेवायचा. एक कापड चुलीजवळ आणि दुसरं अंगणात ठेवलं, तर फरक दाण्यामुळे पडला की उबेमुळे, हे कसं कळणार?

तीन गोष्टी सांभाळा :

- थंडीत मोड उशिरा येतात. दोन्ही कापडं एकाच उबदार जागी ठेवा.
- काही वाणांचं नुकतंच कापलेलं धान काही आठवडे उगवतच नाही. त्याला सुप्तावस्था म्हणतात. शक्यतो मागच्या हंगामातलं बियाणं घ्या.
- पिशवीतलं रंग लावलेलं बियाणं वापरू नका. त्याला विषारी औषध लावलेलं असतं. ते कोंबड्यांनाही टाकू नका.

वहीत काय लिहायचं? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, या क्रमाने. भाषा लेकराची असू द्या. "माझ्या आईने मला दाणे निवडायला शिकवले" असं लिहिलं तर त्यात कमीपणा नाही. ती माहिती कुठून आली, हे सांगणं प्रामाणिकपणाचं आहे.

आणि हा प्रयोग शाळेपुरता नाही. मे महिन्यात घरच्या बियाण्याचे, न निवडता घेतलेले, 100 दाणे असेच ओल्या कापडात ठेवा. प्रमाणित धान बियाण्याची उगवण किमान 80 टक्के असावी लागते. समजा तुमचे 60 च उगवले, तर पऱ्हे टाकण्याआधीच कळलं. बियाणं बदलायला किंवा जास्त टाकायला वेळ मिळाला. रोवणीच्या वेळी पऱ्हे कमी पडले तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमिती शिकवली. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मराठी पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत. मोबाईलवर लेकरासोबत पाहा.

सहावी आणि पुढच्या वर्गातल्या मुलांसाठी केंद्र सरकारची 'इन्स्पायर मानक' योजना आहे. मुलाची नवी कल्पना शाळेमार्फत ऑनलाईन पाठवली जाते. निवड झाली तर 10,000 रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. मुख्याध्यापकांना नक्की विचारा, आणि लेकराचं खातं उघडलेलं आहे का तेही तपासा.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी :

1. आपल्या घरी बियाणं कसं निवडतात? सासूबाईंच्या काळी कसं निवडत?
2. गटातल्या पाच घरांच्या बियाण्याची उगवण तपासून तुलना करता येईल का?
3. चूल, लोणचं, पापड, दही, यांतून लेकराला कोणता प्रश्न शोधता येईल?

उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. गावभेटीला येईन तेव्हा वाचू.