मड गेलं कुठे?

प्रश्न : मुंबई हायसारख्या ठिकाणी तेलविहीर खोदताना आत सोडलेलं ड्रिलिंग मड (खोदकामासाठीचा चिखलासारखा द्रव) खडकातच नाहीसं होतं. सिमेंटने ती गळती बुजवता येते का?

उत्तर : येते, पण सिमेंट हा पहिला उपाय नव्हे. १९७४मध्ये तेल लागलेल्या मुंबई हायचा तेलसाठा मुख्यतः चुनखडीत आहे. तिच्या भेगा-पोकळ्यांत मड शिरतं. विहिरीतली पातळी उतरली की दाब घटतो आणि दुसऱ्या थरातला वायू उसळू शकतो. म्हणून आधी विहीर भरलेली ठेवा, पाणी ओतून का होईना. बारीक गळतीला अभ्रक किंवा अक्रोडाच्या कवचांचा भुगा पुरतो. मोठ्या पोकळीत साधं सिमेंट वाहून जातं. शिवाय त्याच्या मिश्रणाची घनता सुमारे १.९ ग्रॅम प्रति घनसेंमी, त्यामुळे भेग रुंदावण्याची भीती. तिथे हलकं, पंप थांबताच थिजणारं सिमेंट हवं. किंवा डिझेलमध्ये कालवलेलं बेंटोनाइट (एक प्रकारची माती) आणि सिमेंट. डिझेलमध्ये ते पातळ राहतं, पाणी लागलं की घट्ट होतं. पाइपातच पाणी लागलं तर पाइप तुंबेल, म्हणून पुढेमागे नुसतं डिझेल सोडतात. तेल देणाऱ्या थरात मात्र मी सिमेंट टाळेन. तिथे कॅल्शियम कार्बोनेट वापरावं, ते नंतर आम्लाने विरघळवता येतं.