सुरू उसाची लावण : आधी रान तपासा

कोल्हापुरातली शाहूपुरीची पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. आज गुळाचे सौदे श्री शाहू मार्केट यार्डात होतात. तिथे रव्याचा रंग, कणी आणि चव बघून दर ठरतो. जात एक, खताची मात्रा एक, तरी एकाचा रवा पिवळाधमक आणि दुसऱ्याचा काळपट, मऊ असं का होतं? दोष गुळव्यावर टाकण्याआधी रान बघावं. सुरू लावणीचा हंगाम १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. तेवढ्या काळात पुढच्या बहुतेक गोष्टी तपासता येतात.

ऊब

उसाचा डोळा ३० ते ३५ अंश सेल्सिअसला जोमानं फुटतो. तापमान २० अंशांखाली गेलं की उगवण रेंगाळते, म्हणून डिसेंबरच्या थंडीतली लावण उशिरा दिसते. बेणं खराब की थंडी जास्त, हे ओळखायला एकाच बेण्याचे पन्नास-पन्नास डोळे दोन ट्रेमध्ये लावा. माती आणि पाणी सारखंच ठेवा. एक ट्रे उघड्यावर, दुसरा रात्री पॉलिथिनखाली. झाकलेला चांगला उगवला तर कारण थंडी. दोन्ही मागे पडले तर बेणं बदला. बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं, बेणेमळ्यातलंच घ्यावं.

माती

गगनबावड्याकडची तांबडी, पावसानं धुपलेली माती आम्लधर्मी, तर शिरोळकडच्या भारी काळ्या रानात क्षार वर आलेले. शेजाऱ्याचा अहवाल आपल्या कामाचा नाही. नमुना घेताना नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्या. वरपासून एक फूट खोलीपर्यंतची सारखी चकती काढा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि पाणथळ कोपरा टाळा. माती एकत्र करून अर्धा किलो उरवा, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीतून प्रयोगशाळेत द्या. नुकतंच खत टाकलेलं असेल तर थांबा.

सामू साडेसहा ते साडेसात असावा. विद्युत वाहकता एकच्या आत बरी. सामू साडेआठच्या वर गेला तर रान चोपण होत चाललंय. जिप्समची मात्रा अहवाल बघूनच ठरवा. नुसते क्षार वाढले असतील तर जिप्समपेक्षा आधी चर काढून निचरा करावा लागतो.

पाणी आणि वाफसा

मोटार दहा मिनिटं चालू ठेवून स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी भरा आणि तपासायला द्या. वाहकता ०.७५ च्या आत असेल तर निर्धास्त, २.२५ च्या वर असेल तर ते पाणी उसाला नको. क्लोराइडचं पाणी खाल्लेल्या उसाचा गूळ खारट होतो आणि पावसाळ्यात पाघळतो.

निचरा घरीच बघता येतो. फूटभर खड्डा पाण्यानं भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर मुळांना हवा मिळत नाही. अशा रानात पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवा. मुळाजवळची माती मुठीत दाबून बघा. गोळा होऊन हलक्या दाबानं फुटला तर वाफसा आहे. पाणी अजून नको.

ऊन

झाडांच्या सावलीतल्या सऱ्यांत फुटवे कमी येतात. लावणीनंतर तीन-चार महिन्यांनी सावलीतल्या आणि उघड्यावरच्या सरीच्या दहा-दहा फुटांतले फुटवे मोजा. फरक ठळक असेल तर बांधावरच्या फांद्या छाटा. त्या पट्ट्यात जादा युरिया टाकून काही साधत नाही.

एका वेळी एकच बदल

नवीन काही करायचं असेल तर सगळं रान त्यात घालू नका. चार सऱ्या नव्या पद्धतीनं, चार जुन्या. असा जोडपट्टा रानात दोन-तीन ठिकाणी घ्या, कारण एका कोपऱ्याची माती फसवते. पाणी आणि खत एकदम बदललं तर फरक कशानं पडला ते कळत नाही. जात, तारीख, पाण्याच्या पाळ्या आणि पाऊस वहीत लिहा.

तोडणीआधी ब्रिक्समीटरनं शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा रस मोजा. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस पक्व झाला. गुऱ्हाळावर दोन्ही पट्ट्यांचं आधण वेगळं शिजवून घ्या आणि रव्यांवर खूण करा. कुठल्या पट्ट्याला सौद्यात जास्त दर मिळाला तेही वहीत नोंदवा. पुढच्या सुरूला किती रान नव्या पद्धतीखाली घ्यायचं, हे त्या नोंदीवरून ठरवा.