सांडलं की आधी मागे सरा

रासायनिक कारखान्यांत शिफ्ट सांभाळताना गळती बरीच पाहिली. कामावर नव्याने येणाऱ्या मुलांना जे सांगतो, तेच इथे मांडतो.

१. आधी माणूस, मग माल. फ्लँज गळताना दिसला की इमानी कामगाराचा हात आपसूक व्हॉल्व्हकडे जातो. तो आवरा. मागे सरा, आजूबाजूच्यांना हलवा, सायरन वाजवा. वाया गेलेला माल पुन्हा बनवता येतो.

२. पळण्याआधी वारा बघा. विंडसॉकवर नजर टाका आणि वाऱ्याला आडवे चालत गॅसच्या ढगाबाहेर पडा. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड. तो खड्ड्यात, तळघरात साचतो, म्हणून उंचावर जा. कोकणपट्टीत बहुधा दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून. दिवसपाळीची सुरक्षित वाट रात्रपाळीला घातक ठरू शकते.

३. नाकावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं नाही. टाकीत कोसळलेल्या सोबत्यासाठी बीए सेट (श्वसनयंत्र) न चढवता उतरणारा बहुतेक वेळा त्याच्याशेजारीच कोसळतो. जीव तुटला तरी थांबा, बचाव पथकाला बोलवा.

४. काय सांडलंय ते कळल्याशिवाय त्यावर काही टाकू नका. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडवर बादलीभर पाणी मारलं तर ते उकळून अंगावर उडतं. प्रशिक्षित माणसांनी पूर्ण पीपीई घालून आधी वाळूचा बांध घालावा, गटार झाकावं, मग कडेकडेने सोडा ॲश टाकावा. नायट्रिक ॲसिडवर लाकडाचा भुसा कधीच नको, तो पेट घेऊ शकतो. या ॲसिडचा तपकिरी धूर छातीत गेला तर त्रास काही तासांनी उफाळतो. माणूस “बरा आहे” म्हणाला तरी त्याला डॉक्टरकडे न्याच. टोल्युइन सांडलं असेल तिथे दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. बंद करतानाही ठिणगी पडते.

५. अंगावर उडालं तर थेट सेफ्टी शॉवरखाली. कपडे तिथेच काढा, लाज बाळगू नका. निदान १५ मिनिटं पाणी घ्या. डोळे बोटांनी उघडे धरून धुवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असेल तर धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

६. असेंब्ली पॉइंटवर प्रत्येक डोकं मोजा. कंत्राटी कामगार, टँकरचा ड्रायव्हर, क्लीनर यांची नावं कंपनीच्या हजेरीत नसतात. गेटवरचं रजिस्टर सोबत आणा.

७. माहिती मागा, तो तुमचा हक्क आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेत आपल्या श्वासात काय जातंय, हे वस्तीतल्या माणसांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरीज ॲक्ट बदलला आणि धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं.

उद्या कामावर गेलात की दोन गोष्टी करा. आपल्या शेडमधल्या रसायनांचे एसडीएस (सुरक्षा माहितीपत्रकं) वाचा, आणि जवळचा सेफ्टी शॉवर उघडून पाणी येतं का ते पाहा. येत नसेल, तर दुरुस्त होईपर्यंत काम सुरू करू देऊ नका.